वेगवान इंजिनाची जडणघडण

(इंदूर येथे मराठी भाषक ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्यासमोर दिलेले भाषण)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. शर्यतीच्या मोटारीसाठी अधिक अश्वशक्तीचे, आणि तेही केवळ हवेने थंड होणारे इंजिन कसे बांधतात, हा विषय प्रसिद्धी खात्यातील माणसाने, त्यातही माझ्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधराने, का निवडावा? त्याचे कारण असे की, इंजिन ही आता केवळ अभियंत्यांच्या अभ्यासाची वस्तू राहिलेली नाही. ते आपल्या अंगणात उभे आहे. घरातील तरुण मुलगा मोटारसायकल घेतो, चार दिवसांत तिचा सायलेन्सर बदलतो आणि रात्री मोकळ्या रस्त्यावर मित्राशी पैज लावतो. त्या मुलाला 'वेग वाईट' एवढेच सांगून भागत नाही, कारण त्याला ते पटत नाही. वेग कसा निर्माण होतो, त्यासाठी काय किंमत द्यावी लागते आणि तो कोठे शोभतो, हे समजावून सांगितले तर तो कदाचित ऐकेल. त्यासाठी प्रथम आपल्याला ते समजले पाहिजे.

वेगाचे आकर्षण इंदूरला नवे नाही. महाराजा यशवंतराव होळकर द्वितीय यांच्यासाठी १९३५ साली तयार झालेली ड्यूझेनबर्ग मोटार आजही जगभरच्या जाणकारांना ठाऊक आहे. तिचे आठ सिलिंडरांचे इंजिन ३२० अश्वशक्तीचे होते. हे इंजिन पाण्याने थंड होणारे होते आणि राजघराण्यालाच परवडणारे होते. आज मी बोलणार आहे ते याच्या अगदी उलट टोकाच्या इंजिनाविषयी. ते सामान्य माणसाच्या स्वस्त मोटारीसाठी जन्माला आले आणि छोट्या कार्यशाळांतील कारागिरांनी त्यातून दोनशेहून अधिक अश्वशक्ती काढली.

शंकरपट आणि पाव मैलाची शर्यत

ज्या शर्यतीला इंग्रजीत ड्रॅग रेस म्हणतात, ती विदर्भातील माणसाला समजावून सांगण्यास फार शब्द लागत नाहीत. आपला शंकरपट डोळ्यांपुढे आणा. सरळ धावपट्टी, दोन जोड्या, सुरुवातीचा इशारा आणि शेवटी सेकंदांचा हिशेब. ड्रॅग रेसमध्ये बैलजोडीच्या जागी मोटार असते. दोन मोटारी शेजारी शेजारी स्थिर उभ्या राहतात, दिवा लागताच सुटतात आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, अंतर कोण आधी कापतो हे पाहिले जाते. वळण नाही, घाट नाही. साधी मोटार हे अंतर कापण्यास वीस सेकंद घेते. चांगली शर्यतीची मोटार दहा सेकंदांत किंवा त्याहूनही लवकर पार होते.

या खेळाचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्नियात झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील तरुण जुन्या मोटारींची इंजिने स्वतः बदलून सार्वजनिक रस्त्यांवर शर्यती लावू लागले. अपघात वाढले, वृत्तपत्रांतून टीका होऊ लागली, पोलीस मुलांच्या मागे लागले. तेव्हा काही जाणत्या मंडळींनी असा विचार केला की, मुलांचा उत्साह मारून उपयोग नाही, त्याला जागा दिली पाहिजे. १९५० साली सांता ॲना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर नियमित शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स या संपादकाने नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापन केली. या संस्थेने वाहनांच्या सुरक्षिततेचे नियम केले, तपासणी सुरू केली आणि १९५४ पासून तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरून स्थानिक मंडळींना शर्यत सुरक्षितपणे कशी भरवावी हे शिकवू लागले. रस्त्यावरील धोका धावपट्टीवर आणि नियमांच्या कुंपणात आणणे हाच या खेळाचा मूळ उद्देश होता.

आपल्याकडील बैलगाडा शर्यतीचा इतिहास आठवा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि मे २०२३ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. नियम पाळण्याच्या अटीवरच ती परंपरा पुन्हा उभी राहिली. मोटारींच्या बाबतीतही निराळा मार्ग नाही.

उष्णतेचा हिशेब

आता इंजिनाकडे वळू. इंजिनात इंधन जळते, त्या उष्णतेतील सुमारे पाव ते एकतृतीयांश भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो. साधारण तेवढीच किंवा थोडी अधिक उष्णता धुरावाटे निघून जाते. उरलेली उष्णता सिलिंडरच्या भिंतीत, डोक्यात आणि तेलात शिरते. ही उरलेली उष्णता बाहेर काढली नाही तर इंजिन स्वतःच्याच तापाने नष्ट होते.

विहिरीवरील डिझेल पंप पाहा. पाच अश्वशक्तीचे ते इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेते आणि तासन्‌तास चालते. त्याने उपसलेल्या पाण्यातीलच एक धार नळीने त्याच्या अंगाभोवती फिरवून त्याला थंड ठेवतात. मोटारसायकलचे तसे नाही. तिच्या सिलिंडरला बाहेरून धातूच्या पातळ कडा असतात. कारागीर त्यांना फिन म्हणतात. या कडांमुळे धातूचा हवेला लागणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो आणि गाडी धावताना अंगावर येणारा वारा उष्णता घेऊन जातो. यालाच हवेने थंड होणारे किंवा वातशीत इंजिन म्हणतात. ३४६ घनसेंटिमीटरचे जुने बुलेटचे इंजिन १८ अश्वशक्तीचे होते आणि ते केवळ वाऱ्यावर थंड होत असे. स्कूटरचे इंजिन मात्र पत्र्याआड झाकलेले, तेथे वारा पोचत नाही. म्हणून जुन्या बजाज चेतकमध्ये किंवा येथे जवळच पिथमपुरात तयार होत असलेल्या कायनेटिक होंडा स्कूटरमध्ये पंखा बसवून हवा जबरीने फिनांमधून ढकलली जात असे. त्या पंख्यावरील पत्र्याचे झाकण अनेकजण 'उगाच अडचण' म्हणून काढून ठेवत. वास्तविक ते झाकण म्हणजे हवेला वाट दाखविणारा पाट होय. पाट फुटला की पाणी शेताच्या शेवटच्या टोकाला पोचत नाही, तसेच हे आहे.

साध्या मोटारीतून शर्यतीचे इंजिन

वातशीत शर्यतीच्या इंजिनांत सर्वांत अधिक वापर झाला तो फोक्सवॅगन बीटल या जर्मन मोटारीच्या इंजिनाचा. ती मोटार फर्डिनांड पोर्शे यांनी सामान्य जनतेसाठी आखली. चार सिलिंडर, दोन डावीकडे व दोन उजवीकडे आडवे, मागे बसविलेले इंजिन आणि पट्ट्यावर फिरणारा मोठा पंखा. २००३ साली मेक्सिकोमध्ये शेवटची बीटल तयार झाली, तोपर्यंत दोन कोटींहून अधिक मोटारी बाहेर पडल्या होत्या. त्यामुळे सुटे भाग स्वस्त आणि मुबलक होते. इंजिन हलके होते आणि मागच्या चाकांवर त्याचा भार पडत असल्यामुळे सुटताना चाकांची पकडही चांगली राही. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातील एम्पी या कंपनीच्या 'इंच पिंचर' या बीटलने मोठमोठ्या इंजिनांच्या मोटारींशी टक्कर देऊन नाव मिळविले आणि मग अनेक कार्यशाळा या मार्गाला लागल्या.

त्या इंजिनाचे मूळ मोजमाप असे. सिलिंडरचा व्यास ८५.५ मिलिमीटर, पिस्टनची वरखाली होण्याची चाल ६९ मिलिमीटर; चार सिलिंडर मिळून सुमारे १,५८५ घनसेंटिमीटर. शक्ती पन्नास अश्वशक्तीच्या आसपास. शर्यतीसाठी कारागीर व्यास ९४ आणि चाल ८२ मिलिमीटर करतात. गुणाकार केला की आकारमान २,२७६ घनसेंटिमीटर भरते. शिक्षक बंधूंनी हे गणित वर्गात मुलांकडून करवून घ्यावे; वृत्तचितीचे घनफळ पाठ करून घेण्यापेक्षा ते अधिक लक्षात राहील.

पण आकारमान दीडपटीने वाढवून शक्ती चौपट होत नाही. शक्ती म्हणजे पीळ गुणिले फेरे. मूळ इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या आसपास आपली पूर्ण शक्ती देते. शर्यतीचे इंजिन सात-आठ हजार फेरे घेते. खरी परीक्षा येथे सुरू होते. फेरे दुप्पट झाले की फिरत्या व वरखाली होणाऱ्या भागांवरील ओढ दुप्पट न होता चौपट होते. आठ हजार फेऱ्यांना प्रत्येक पिस्टन मिनिटाला सोळा हजार वेळा थांबतो आणि उलट दिशेने निघतो. चारशे ग्रॅम वजनाच्या पिस्टनची अशा वेळी कनेक्टिंग रॉडवर पडणारी ओढ एक टनाहून अधिक भरते. म्हणून मूळ क्रँक काढून घडीव पोलादाचा, तोल साधणाऱ्या वजनांसह बनविलेला क्रँक घालावा लागतो. रॉड घडीव पोलादाचे लागतात. चारही पिस्टन आणि चारही रॉड तराजूवर घालून सारख्या वजनाचे केले जातात. इंजिनाचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे, वजनाला हलके, पण ताणाखाली लवचीक; त्याचे दोन भाग एकमेकांवर घसरू नयेत म्हणून ते जादा खिळींनी जखडून घेतात.

यानंतर श्वासाचा प्रश्न येतो. इंजिनात जेवढी हवा जाईल तेवढेच इंधन जळेल. म्हणून डोक्यातील झडपा मोठ्या केल्या जातात, हवेचे मार्ग घासून गुळगुळीत व योग्य आकाराचे केले जातात, कॅमचा आकार बदलून झडपा अधिक वेळ उघड्या ठेवल्या जातात. मूळ इंजिनात हवा व इंधनाचे मिश्रण सुमारे साडेसात पट दाबले जात असे. शर्यतीत ते प्रमाण बारा किंवा त्याहून अधिक ठेवतात. एवढे झाल्यावर टर्बो न लावताही दोनशेहून अधिक अश्वशक्ती मिळते. धुराच्या झोतावर फिरणारा टर्बो बसवून हवा कोंबली तर हा आकडा पुष्कळच पुढे जातो.

हे सर्व काम मोजमापाचे आहे. मायक्रोमीटर, फीलर गेज, टॉर्क पाना आणि वहीतील नोंद ही त्याची हत्यारे होत. पिस्टन व सिलिंडर यांच्यात किती फट ठेवायची, हे तापल्यावर धातू किती फुगेल यावर ठरते. वातशीत इंजिन पाण्याच्या इंजिनापेक्षा अधिक तापते आणि अधिक फुगते, त्यामुळे ही फटही अधिक लागते. ती कमी ठेवली तर पिस्टन धरतो, अधिक ठेवली तर तेल वर चढते. अंदाजाने काम करणाऱ्याला हे इंजिन एका धावेत उघडे पाडते.

दहा सेकंदांचे रहस्य

दोनशे अश्वशक्ती म्हणजे सुमारे १५० किलोवॉट. पूर्वी सांगितल्याप्रमाणे साधारण तेवढीच उष्णता धातूत शिरते, असे धरू. दीड किलोवॉटच्या पाणी तापविण्याच्या शंभर विद्युत सळया एकाच वेळी एका छोट्या इंजिनाला लावल्यासारखे हे झाले. मग ते वितळत कसे नाही?

याचे उत्तर शर्यतीच्या काळात आहे. शर्यत दहा सेकंदांची. दहा सेकंदांत १,५०० किलोज्यूल उष्णता येईल. ती ॲल्युमिनियमच्या पन्नास किलो धातूत समान पसरली असे मानले तर तापमान सरासरी ३३ अंशांनी वाढेल. तेवढे इंजिन सहज सोसते. म्हणजे शर्यतीच्या त्या क्षणी धातूचे वजनच उष्णतेची साठवण करते आणि फिन व पंखा यांचे काम पुढील विश्रांतीत होते. आता तेच इंजिन पूर्ण शक्तीवर दोन मिनिटे चालविले आणि थंड करण्याची काहीच सोय नसेल, तर वाढ ४०० अंशांची होईल. त्याच्या कितीतरी आधीच ॲल्युमिनियमची ताकद गेलेली असते. यावरून ध्यानात येईल की, धावपट्टीसाठी बांधलेले इंजिन बाजारहाटाला किंवा परगावी नेण्यास योग्य नसते. ज्याला रस्त्यावरही चालवायचे आहे आणि शर्यतीतही पळवायचे आहे, त्याचे इंजिन दोन्हीकडे अर्धवट राहते.

ही सरासरीची गोष्ट झाली. प्रत्यक्षात उष्णता समान पसरत नाही. निकास झडप आणि ठिणगीच्या प्लगभोवतीची जागा सर्वांत आधी तापते. तेथील एखादा ठिपका लाल झाला की ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेट घेते आणि वर येणाऱ्या पिस्टनला घणाचा घाव बसतो. बीटलच्या जुन्या इंजिनात तेल थंड करणारी जाळी तिसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरच्या वाऱ्यात आडवी येई; परिणामी त्या एकाच सिलिंडरची निकास झडप लवकर जळे. १९७० च्या दशकाच्या आरंभी ती जाळी बाजूला सरकवून तिला स्वतंत्र हवेची वाट दिली तेव्हा दोष कमी झाला.

पंख्यालाही शक्ती लागते, आणि फेरे दुप्पट झाले की ती जवळजवळ आठपट होते. म्हणून काही स्पर्धक त्या थोड्या सेकंदांपुरता पंखा बंदच ठेवतात. ती उणीव काही जण इंधनाने भरून काढतात. मिथेनॉल हे इंधन वाफ होताना पेट्रोलच्या सुमारे तिप्पट उष्णता शोषते, शिवाय तेवढ्याच हवेसाठी ते दुपटीहून अधिक घालावे लागते. म्हणजे आतून मिळणारा गारवा सहा-सात पट होतो. अमेरिकेतील सर्वांत वरच्या वर्गाच्या, दहा हजारांहून अधिक अश्वशक्तीच्या ड्रॅग मोटारींच्या इंजिनात तर पाणी फिरण्याची पोकळीच नसते. नायट्रोमिथेनचा पूरच त्यांना चार सेकंद वाचवितो आणि प्रत्येक धावेनंतर इंजिन उघडून पुन्हा बांधावे लागते.

येथे एक इशारा देणे मी माझे कर्तव्य समजतो. मिथेनॉल हे जहाल विष आहे. त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे आग लागलेली कळत नाही. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसांचे प्राण घेतले. हा पदार्थ गावच्या गॅरेजमध्ये डब्यात भरून ठेवण्याचा नव्हे. परवाना, स्वतंत्र साठवण आणि जाणकार देखरेख यांवाचून त्याला कोणीही हात लावू नये.

दोन उदाहरणे

वातशीत इंजिनाची झेप कोठवर जाऊ शकते आणि त्यात घाई केल्यास काय होते, याची दोन उदाहरणे सांगतो. पहिले पोर्शे ९१७ या मोटारीचे. १९६९ साली ती बारा सिलिंडरांचे, साडेचार लिटरचे वातशीत इंजिन घेऊन मैदानात आली. इंजिनाच्या माथ्यावर आडवा बसविलेला भला मोठा पंखा सर्व सिलिंडरांवर हवा सोडत असे. पायरी पायरीने सुधारणा करीत १९७३ पर्यंत ५.४ लिटरच्या आणि दोन टर्बो बसविलेल्या इंजिनातून सुमारे ११०० अश्वशक्ती मिळविण्यात आली. १९७५ मध्ये मार्क डोनोह्यू याने याच जातीच्या मोटारीने टॅलाडेगा येथील बंद वर्तुळमार्गावर ताशी ३५५ किलोमीटरहून अधिक वेग नोंदविला. डोक्याचे तापमान, तेलाचे तापमान, हवेचा प्रवाह यांची पुनःपुन्हा मोजणी करून हे यश हाती आले.

दुसरे उदाहरण होंडा कंपनीचे. संस्थापक सोइचिरो होंडा यांचा वातशीत इंजिनावर फार विश्वास. त्यांच्या आग्रहातून १९६८ साली आरए ३०२ ही वातशीत शर्यतीची मोटार तयार झाली. अनुभवी चालक जॉन सर्टीज याने चाचणीनंतर 'ही अजून तयार नाही' म्हणून ती चालविण्यास नकार दिला. तरीही ७ जुलै १९६८ रोजी फ्रान्समधील रूआँ येथे, पावसात, ती शर्यतीत उतरविली गेली. आरंभीच्या फेऱ्यांतच मोटार घसरून कडेवर आदळली, तिच्या मॅग्नेशियमच्या अंगाने पेट घेतला आणि जो श्लेसर हा चालक मृत्युमुखी पडला. पुढे त्याच कंपनीने आपल्या तरुण अभियंत्यांचे म्हणणे मान्य करून मोटारींसाठी पाण्याने थंड होणारी इंजिने स्वीकारली. जाणत्या चालकाने 'तयार नाही' म्हटल्यावर थांबायला हवे होते. हा धडा आपल्या गावच्या मोकळ्या रस्त्यालाही लागू पडतो.

पिथमपूरची शाळा

ही सर्व उदाहरणे दूरदेशची आहेत, असे आपण म्हणाल. परंतु धार जिल्ह्यातील पिथमपूर आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तेथील नॅट्रॅक्स या राष्ट्रीय वाहन चाचणी केंद्रातील ११.३ किलोमीटर लांबीच्या अतिवेगवान मार्गाचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते झाले. मोटारींचा वेग, ब्रेक आणि टिकाऊपणा यांच्या चाचण्या तेथे होतात.

याच पिथमपुरात २००७ पासून बाजा एसएई इंडिया ही अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची स्पर्धा भरत आली आहे. देशभरातील, त्यात पुण्यासारख्या शहरांतीलही, विद्यार्थी स्वतः आखलेली व बांधलेली छोटी मोटार घेऊन येतात. या स्पर्धेत अनेक वर्षे सर्वांना एकच इंजिन दिले जाई: ३०५ घनसेंटिमीटरचे, एका सिलिंडरचे, वातशीत, दहा अश्वशक्तीचे. त्याच्या आत बदल करण्यास सक्त मनाई. म्हणजे दोनशे अश्वशक्तीच्या स्वप्नाला तेथे जागा नाही. मग कस कशात लागतो? सांगाड्याच्या वजनात, गिअरच्या प्रमाणात, चाकांच्या झुलण्यात, आणि इंजिनापर्यंत हवा नीट पोचविण्यात. शर्यत चार तासांची असते. धूळ, खड्डे आणि उन्हात ते छोटे इंजिन अखंड चालावे लागते. मैदानात उतरण्यापूर्वी सांगाड्याची, पट्ट्यांची आणि इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या बटणांची तपासणी होते. ब्रेक दाबताच चारही चाके जागीच थांबली पाहिजेत. न थांबल्यास मोटार बाहेर. कित्येक विद्यार्थ्यांच्या वर्षभराच्या श्रमांना ही तपासणी पहिल्या दिवशी अडवते आणि ते रात्रभर जागून दोष दूर करतात. पुढे दोनशे अश्वशक्ती बांधण्याची योग्यता या दहा अश्वशक्तीच्या शाळेतच येते.

आपण काय करावे

आता कायद्याचे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८९ नुसार, राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी वाहनांची शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पुन्हा गुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. नोंदणीच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात परस्पर करण्यासही कलम ५२ ने मनाई आहे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक जबाबदार धरला जातो. रस्त्यावरील शर्यतीत भाग न घेतलेली माणसेच अनेकदा मरतात, हे लक्षात घेतले तर या शिक्षा कठोर वाटणार नाहीत.

पण शिक्षेने अर्धेच काम होते. उरलेले अर्धे आपल्या हातात आहे. शिक्षकांनी भंगारातील एखादे जुने स्कूटरचे इंजिन शाळेत आणावे, ते मुलांकडून उघडून घ्यावे, व्यास व चाल मोजून घ्यावी आणि फिनांच्या पृष्ठभागाचे गणित मांडावे. मुलगा यंत्रात रमतो म्हणून त्याला वाया गेलेला समजू नका. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. ग्रामस्थांनी अशा मुलाला त्याची वाट दाखवावी. ज्याने एकदा टॉर्क पान्याने बोल्ट आवळला आणि फीलर गेजने फट मोजली, तो नुसता सायलेन्सर काढून गाडी वेगवान होते असे मानणार नाही. आवाज वाढला म्हणून शक्ती वाढत नाही, हे त्याला मोजूनच कळलेले असते.

अधिकारी बंधूंना माझी विनंती अशी की, एखादे तरुण मंडळ रीतसर अर्ज घेऊन आले तर त्याला दारातून परत पाठवू नये. मोटार क्रीडेसाठी देशात फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था आहे, तिचे नियम आहेत. वापरात नसलेली धावपट्टी, दोन्ही बाजूंना कुंपण, पुढे थांबण्यास पुरेशी मोकळी जागा, रुग्णवाहिका, अग्निशामक व्यवस्था आणि वाहनांची कडक तपासणी, एवढे असेल तरच परवानगीचा विचार व्हावा. एखादी गोष्ट कमी असेल तर नकार द्यावा. मात्र कोणती गोष्ट कमी आहे ते अर्जदाराला लेखी सांगावे, म्हणजे तो ती पुरी करून पुन्हा येऊ शकेल.

मित्रहो, इंजिनाला वेग देणारा कारागीर आपला बहुतेक वेळ त्याला थंड कसे ठेवावे आणि वेळेवर कसे थांबवावे याच विचारात घालवितो. आपल्या गावातील मुलांच्या उत्साहाच्या बाबतीत तेवढाच विचार आपण केला, तर पिथमपूरच्या मार्गावर उद्या धावणाऱ्या एखाद्या मोटारीमागे आपल्यापैकीच कोणाच्या तरी मुलाचे हात असतील. शाळांना सुट्टी लागण्यापूर्वी प्रत्येक गावाने एक जुने इंजिन मिळवून ते शाळेच्या ओसरीवर उघडावे, एवढीच माझी सूचना आहे.